‘सगळं येतं, पण वहीत काहीच नाही’

मुलगा नऊ वर्षांचा, इयत्ता चौथी. आईवडील दोघेही सल्ल्यासाठी आले होते आणि दोघांची तक्रार वेगळी होती. आईचं म्हणणं, ‘तो हुशार आहे हे आम्हाला तो तीन वर्षांचा असल्यापासून दिसतंय. वाचायला आपला आपणच शिकला. अपूर्णांक, ग्रह, ज्वालामुखी, काहीही विचारा. पण वहीत अर्धं पान, आणि गृहपाठाला रोज दोन तास रडारड.’ वडिलांचं म्हणणं, ‘हुशार असता तर मार्कांत दिसलं असतं. आळशी आहे.’ शाळेचा निरोप तिसराच: वर्गात लक्ष नसतं, बाईंना मध्येच तोडून त्यांची चूक काढतो, मधल्या सुट्टीत एकटा फिरतो. या सगळ्यातून निघालेला प्रश्न मात्र अशा बहुतेक घरांतून येतो तोच होता. मूल खरंच प्रज्ञावंत आहे का, आणि असेल तर त्याला एक इयत्ता पुढे बसवावं का? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चाचणीची घाई सगळ्यांनाच असते. आधी दोन आठवड्यांच्या नोंदी ठेवायला सांगितल्या. रकाने चारच: काम कोणतं, ते त्याला नवीन होतं की आधीच येत होतं, बोलून करायचं होतं की लिहून, आणि तो किती वेळ टिकला. वर्गशिक्षिकेनेही आठवड्यातले तीन तास निवडून तशाच नोंदी केल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते ‘लक्ष नसतं’ या शेऱ्यात बसणारं नव्हतं. तोंडी कोड्यांवर तो पाऊणपाऊण तास टिकत होता. चार ओळींच्या उत्तराला पंचवीस मिनिटं लागत होती. आणि आधीच येत असलेल्या गणितांत तिसऱ्या-चौथ्या उदाहरणानंतर चुका सुरू होत होत्या, तेही लिहायच्या गणितांत जास्त.

इथे एक सावधगिरी लागते. ‘आवडीच्या कामात तासभर बसतो, म्हणजे अवधानाचा प्रश्न नाही’ असं पुष्कळ पालक धरून चालतात. ते बरोबर नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेलं मूलही आवडीच्या कामात गढून जाऊ शकतं. पाहायचं ते असं, की काम नवीन आहे, पुरेसं अवघड आहे, पण खास आवडीचं नाही, तेव्हा काय होतं? शिवाय एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. प्रज्ञा आणि एडीएचडी, प्रज्ञा आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) एकाच मुलात असू शकतात, आणि मग दोन्ही एकमेकांना झाकतात. हुशारीमुळे अडचण दिसत नाही, अडचणीमुळे हुशारी दिसत नाही, आणि निकालपत्रावर मूल ‘साधारण’ ठरतं. या मुलाला नव्या, अवघड कामात दोन्हीकडे लक्ष टिकवता येत होतं. अडत होतं ते लिहिण्यापाशी.

त्यानंतर चाचणी. सहा ते सोळा वयासाठीच्या वेक्सलर बुद्धिमापन श्रेणीच्या पाचव्या आवृत्तीत पाच निर्देशांक मिळतात. प्रत्येकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15, म्हणजे बहुतेक मुलं 85 ते 115 मध्ये येतात. 130 च्या वर साधारण शंभरात दोन मुलं येतात. याचे अंक असे: शाब्दिक आकलन 138, दृश्य-अवकाशीय 129, तर्क 134, कार्यकारी स्मृती (माहिती डोक्यात धरून ती वापरणं) 112, प्रक्रियेचा वेग 91. एकूण बुद्ध्यांक 127. वडील लगेच म्हणाले, ‘म्हणजे 130 नाही.’ पण निर्देशांकांत 47 गुणांची दरी असताना त्यांना एका आकड्यात कोंबलं, तर तो आकडा त्या मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. अशा वेळी स्मृती आणि वेग बाजूला ठेवून काढलेला सामान्य क्षमता निर्देशांक पाहतात. तो 137 आला. 91 हा वेगही मंद नाही, सरासरीतच मोडतो. पण डोक्यात 138 च्या दर्जाचं वाक्य तयार आणि हात 91 च्या वेगाने चाललेला, ही कुचंबणा तो मुलगा रोज सोसत होता. वेगाच्या उपचाचण्यांत पेन्सिल भरभर चालवावी लागते, त्यामुळे हा अंक कमी आला की अक्षराची बाजू तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. नेत्रतपासणी ठीक निघाली. व्यवसायोपचारतज्ज्ञांना (हाताच्या हालचाली आणि रोजची कामं सुधारण्यावर काम करणाऱ्यांना) पेन्सिलीची पकड घट्ट आणि अक्षरांची वळणं अजून अंगवळणी न पडलेली आढळली, म्हणजे प्रत्येक अक्षर तो विचार करून काढत होता.

यावरचा उपाय म्हणजे विचार करणं आणि लिहिणं यांची फारकत. अक्षराचा सराव रोज दहा मिनिटं, वेगळा, आणि त्यात आशयाचे गुण नाहीत. लांब उत्तरं तोंडी सांगायची किंवा टंकलेखनाने द्यायची. टंकलेखन शिकायला रोज दहा मिनिटं. परीक्षेत वाढीव वेळ. गृहपाठाला घड्याळ लावून तीस मिनिटं, त्यानंतर जिथे असेल तिथे वही बंद आणि पालकांची सही. वर्गशिक्षिकेची लेखी संमती असल्याशिवाय हे घरात टिकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी अपुऱ्या गृहपाठाची शिक्षा मुलालाच होते.

शाळेच्या बैठकीला पालकांनी बुद्ध्यांकाचा आकडा पुढे करायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. तो ऐकला की शिक्षकांना वाटतं, आता आपल्याला खास वागणुकीची मागणी ऐकावी लागणार. त्याऐवजी मुलाच्या कामाचे तीन नमुने नेले: वहीतलं एक उत्तर, त्याच प्रश्नाचं आईने टिपलेलं तोंडी उत्तर आणि घरी सोडवलेलं एक कोडं. बोलण्यापेक्षा त्या कागदांनीच बैठक पुढे नेली. मागणीही एकच, गणितापुरती, सहा आठवड्यांसाठी.

ती मागणी म्हणजे अभ्यासक्रम आटोपता करणं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली आणि लिंडा स्मिथ यांनी 1970 च्या दशकात ही पद्धत मांडली आणि तिला लागतो एक तीन रकान्यांचा कागद: मुलाला काय आधीच येतं, ते कशावरून ठरवलं, आणि वाचलेल्या वेळात काय द्यायचं. घटक सुरू होण्याआधीच त्याची शेवटची चाचणी द्यायची. 85 ते 90 टक्के बरोबर आलं तर तो घटक माफ. रोजच्या कामासाठी याहून सोपी युक्ती आहे: स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं आधी द्यायची, चार बरोबर आली तर बाकीची सोडायची. शिक्षिकेची भीती रास्त होती, ‘मध्ये काही कच्चं राहिलं तर?’ पूर्वचाचणी त्यासाठीच असते. याला एककांचं रूपांतर येत नव्हतं हे तीतच कळलं, आणि त्या तासांना तो सगळ्यांसोबत बसला. सॅली रीस आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेल्या अभ्यासात अशा मुलांचा 40 ते 50 टक्के अभ्यासक्रम वगळूनही त्यांचे गुण घसरले नव्हते.

बिघडतं ते तिसऱ्या रकान्यात. वीस गणितं लवकर झाली म्हणून आणखी वीस दिली, तर मूल हळू काम करायला शिकतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मागे पडलेल्या मुलांना शिकवायला बसवणं हा दुसरा लाडका उपाय. कधीमधी ठीक, पण ते त्याचं शिकणं नव्हे, शिवाय मित्र मिळण्याची उरलीसुरली शक्यताही त्यात जाते. द्यायचा तो एका बैठकीत न सुटणारा प्रश्न. याला पहिला दिला तो असा: 1 ते 100 मधल्या कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते, आणि का? ‘कोणत्या’ हे शोधता येतं, ‘का’ला दिवस लागतात.

आणि इथे गोष्टी बिनसल्या. पहिल्या तीन आठवड्यांत मुलाचं वागणं आधीपेक्षा वाईट झालं. कागद फाडले, ‘मी मठ्ठ आहे’ म्हणाला, एकदा शाळेतच जाईना. आईला वाटलं, बंद करावं. नेमकं याच टप्प्यावर बहुतेक घरं थांबतात, म्हणून जरा सविस्तर. ज्याला आजवर सगळं पाहताक्षणी आलं, त्याला अडकणं म्हणजे काय हे माहीतच नसतं. इतर मुलं ते पहिलीपासून थोडंथोडं शिकतात. अडकून बसणं, खोडणं, दुसऱ्या दिवशी परत येणं ही कौशल्यं आहेत, आणि ती सरावाशिवाय येत नाहीत. याला नऊ वर्षं हुशारीबद्दलच शाबासकी मिळाली होती, त्यामुळे अडकलो म्हणजे हुशारी संपली, असा त्याचा हिशेब. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेली पाचवीतली मुलं अपयशानंतर लवकर हार मानत होती. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली टिकून राहिली. हुशारीची स्तुती ऐकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आपले गुण खोटेच वाढवून सांगितले.

घरासाठी नियम ठरले. पंधरा मिनिटं स्वतः झगडायचं, काय काय करून पाहिलं ते बोलून नोंदवायचं (लिहून नाही), मग एक इशारा मागता येतो, उत्तर नाही. आईने उत्तर सांगायचं नाही. तिला हे फार जड गेलं. वडिलांनी ‘एवढं येत नाही?’ हे वाक्य सोडायचं, आणि आठवड्यातून एकदा स्वतःच्या कामातली अडलेली गोष्ट जेवताना सांगायची, न सुटलेली असली तरी. शाबासकी द्यायची ती नेमक्या कृतीला: ‘तू छोट्या संख्यांवर आधी तपासून पाहिलंस.’ चौथ्या आठवड्यात त्याला कळलं की विभाजक जोड्यांनी येतात, आणि वर्गसंख्येत एक विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो. तो निष्कर्ष त्याने न सांगता दोन पानं टंकून काढला.

इयत्ता पुढे नेण्याचं काय? पालकांना वाटते तितकी ही गोष्ट धोक्याची नाही. नीट निवड केलेल्या मुलांचं अभ्यासात भलं होतं आणि सामाजिक नुकसान सरसकट होत नाही, असं अनेक दशकांचं संशोधन सांगतं. पण निवड नीट हवी. त्यासाठी वापरली जाणारी आयोवा प्रवेगन मापनश्रेणी काही बाबतीत सरळ थांबा म्हणते: मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर, किंवा ज्या इयत्तेत जायचं तिथेच भावंड असेल तर. याची बहीण पाचवीतच होती. तेवढ्यावर तो विषय संपला. लिखाणाचा भार वाढणार होता, हे कारण त्यानंतरचं. पुढच्या सत्रासाठी गणितापुरतं पाचवीच्या दुसऱ्या तुकडीत बसण्याचा पर्याय ठेवला. त्यात अडचण वेळापत्रकाची. दोन्ही वर्गांचे गणिताचे तास जुळले नाहीत तर दुसरा एखादा तास बुडतो, आणि शाळा बहुधा खेळाचा किंवा चित्रकलेचा तास देऊ करते. तो द्यायचा नाही. शिवाय शाळेतल्या शेवटच्या इयत्तेचं गणित त्याने एक वर्ष आधीच संपवल्यावर पुढे काय, हे आजच विचारून ठेवायचं.

मित्रांचा प्रश्न पालक शेवटी विचारतात, पण मुलाला तोच सगळ्यात जास्त टोचत असतो. ऑस्ट्रेलियातल्या मिराका ग्रॉस यांनी मैत्रीच्या अपेक्षांच्या पाच पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली खेळातला सोबती, पाचवी पूर्ण विश्वासाचा आसरा. प्रज्ञावंत मुलं वयाच्या मानाने लवकर वर चढतात. नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात पाचव्या पायरीवरच्या मैत्रीची अपेक्षा ठेवली की पदरी एकटेपणच येतं. या मुलाला हे सरळ समजावून सांगितलं, कारण त्याला समजावलेलं आवडतं: एकाच मित्राकडून सगळं मागायचं नाही, खेळायला एक, बोलायला दुसरा. आठवड्यातून एकदा बुद्धिबळाच्या मिश्र वयाच्या गटात तो जाऊ लागला. तिथे बारा वर्षांचा एक मुलगा त्याच्याशी वाद घालतो. दोन कामचलाऊ सवयीही शिकवल्या. खेळात एका वेळी एकच नवा नियम सुचवायचा. याचे सहा नियम ऐकून मुलं निघून जायची. आणि बाईंची चूक दिसली तर आधी स्वतःला विचारायचं, ‘याने अर्थ बदलतो का?’ बदलत असेल तर चिठ्ठीवर लिहून तासानंतर द्यायची. लिहिण्याचा कंटाळा असल्यामुळे चिठ्ठ्या आपोआपच कमी झाल्या.

‘एवढं सगळं कळतं, मग हरल्यावर रडतो का?’ हा वडिलांचा प्रश्न शेवटपर्यंत होता. तर्क चौदाचा, भावना नवाच्या आणि हात आठाचा, असं हे मूल आहे. रडण्यापुरतं त्याला नऊ वर्षांचंच धरायचं.

शेवटच्या बैठकीत पालकांनी बहिणीची चाचणी करावी का, असं विचारलं. ती नीटनेटकी, मार्क चांगले, तक्रार नाही. पण गेले काही महिने घरातलं प्रत्येक बोलणं भावाभोवती फिरत होतं आणि ती जेवणाच्या ताटावर गप्प असायची. चाचणी तेव्हाच करायची, जेव्हा तिच्या निकालावर एखादा निर्णय अडलेला असतो. बहिणीच्या बाबतीत तसा कोणताही निर्णय अडलेला नव्हता. तिच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ दोघांपैकी एका पालकाने मोकळी ठेवायची, भावाचा विषय वर्ज्य, असं ठरलं. चार महिन्यांनी पुन्हा पाहायचं आहे, दोघांनाही.