आपल्याच संस्थेत हक्क मागितला तर मी स्वार्थी का?

गेल्या काही वर्षांत सामाजिक संस्थांमधे काम करणारी माणसं माझ्याकडे बरीच येतायत आणि गाऱ्हाणं फिरून फिरून तेच. बाहेर आम्ही ज्याच्यासाठी भांडतो ते आमच्याच ऑफिसात नाही, आणि बोलायला गेलं की अपराधी मलाच वाटतं, मी स्वार्थी झालेय का हो? इतक्या वेळा हे ऐकलंय की शेवटी एका ताईंची गोष्ट लिहायला बसले. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई घरकामगार बायकांच्या एका संस्थेत नऊ वर्षं होत्या. वस्तीत बैठका घ्यायच्या, घरेलू कामगार कल्याण मंडळाचे फॉर्म भरून द्यायचे, बायकांना भरपगारी रजा मागायला शिकवायचं. मंडळाचा कायदा 2008 चा, पण त्याच्याही कितीतरी आधी, 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, तो त्या बैठकीत असा रंगवून सांगायच्या की माझ्यासमोर सांगतानासुद्धा त्यांचा आवाज बदलला. आणि त्यांची स्वतःची नेमणूक? अकरा महिन्यांचं पत्र, दरवर्षी नवं. पगार फंडरचा, म्हणजे निधी देणाऱ्याचा, हप्ता येईल तेव्हा, कधी दोन-दोन महिने थांबून. झोप लागत नाही, पित्त वाढलंय, मुलांवर ओरडायला होतं, म्हणून आल्या होत्या.

"आमची संस्था चालवणाऱ्या दादांनी तिला सगळं आयुष्य दिलंय हो. त्यांच्याकडे पगाराची तारीख कुठल्या तोंडाने मागू?"

"मागितली तर काय होईल?"

"त्यांना वाटेल, ही पण नोकरी करायलाच आली होती."

"आणि तसं त्यांना वाटलं तर?"

यावर त्या गप्पच झाल्या. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारांत तयार झालेली समुपदेशक, माझा कान आधी "च" कडे जातो. दादांना मी चांगलीच वाटले पाहिजे, कार्यकर्त्याने त्यागच केला पाहिजे. वाटलं तर बरं आणि वाटलंच पाहिजे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्यात इच्छा असते आणि दुसऱ्यात फास. संस्थांमधे हा फास जास्त घट्ट बसतो कारण तिथे सगळे ताई आणि दादा, आपण एक कुटुंब म्हणतात, मग घरात पावती कोण मागणार. पण घरात कुणी कुणाला अकरा महिन्यांचं पत्रही देत नाही ना. हे मी त्यांना म्हणाले तेव्हा त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. नुसत्या युक्तिवादाने माणूस हलत नाही हे इतक्या वर्षांत मला पक्कं कळलंय.

म्हणून चौथ्या भेटीला त्यांना म्हणलं, बैठकीत वापरता तो चार्ट घेऊन या. त्यांनी आणला, पिशवीत गुंडाळी करून, कडा मळलेल्या, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. जमिनीवर पसरला आणि गुंडाळू नये म्हणून दोन बाजूंना आमच्या दोघींच्या चपला ठेवल्या. मी म्हणलं, मी वस्तीतली बाई, घ्या माझी बैठक. झकास सुरू केली त्यांनी. कामाचे तास ठरवून घ्या, पगाराची तारीख ठरवून घ्या, आणि चौथी ओळ हिरव्या स्केचपेनने, "रजा मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे". तिथे बोट ठेवलं आणि थांबल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हीच माझी सगळ्यात मोठी शिकवणी आहे असं मला वाटतं, ती जमायला मला फार वर्षं लागली.

मग हळूच म्हणाल्या, "हे अक्षर माझंय." आणि रडायला लागल्या.

मला वाटलं स्वतःच्या रजेचं दुःख बाहेर आलं. तसं नव्हतं. आदल्या वर्षी ऑफिसातली एक तरुण मुलगी सात महिन्यांची गरोदर असताना तिचं पत्र पुढे वाढवलं नव्हतं, प्रोजेक्ट संपला म्हणून. त्या मीटिंगला ताई हजर होत्या आणि एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पगार नव्हता बोचत त्यांना, ते गप्प बसणं बोचत होतं. तेव्हापासून असं कुणी आलं की मी "तुमच्यावर काय अन्याय झाला" एवढंच विचारून थांबत नाही, "तुम्ही कशाला मूक संमती दिलीत" हेही विचारते. आपल्या मूल्यांची माणसं स्वतःवरचा अन्याय वर्षानुवर्षं गिळतात, दुसऱ्यावरच्या अन्यायातला आपला वाटा त्यांना पचत नाही.

आता तुम्ही यातून जात असाल तर सांगते. काम आणि संस्था या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा, संस्थेला प्रश्न विचारला म्हणून वस्तीतल्या बायकांशी द्रोह होत नाही. एकट्याने बोलू नका, दोघं-तिघं मिळून बोला आणि लेखी द्या, एका वेळी एकच मागणी. कायदा माहीत असू द्या, दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, 2013 चा कायदा संस्थांनाही लागू आहे. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी मातृत्व रजा 2017 पासून 26 आठवड्यांची आहे. आणि उत्तर "नाही" येऊ शकतं याची तयारी ठेवा, ते वाईट वाटेल, असह्य नसेल.

संस्थाचालक वाचत असतील तर त्यांची अडचणही मला माहितीय. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 च्या दुरुस्तीने 50 वरून 20 टक्क्यांवर आली, अडचण खरी आहे. पण पगार उशिरा होणार हे आधी सांगायला कुठला निधी लागतो? लोकांना रात्री अकराला मेसेज न टाकायला लागतो?

ताईंनी तिघींना घेऊन विश्वस्तांना एक पानी पत्र दिलं. दादा दुखावले, दोन आठवडे नीट बोलले नाहीत, आणि ताईंना त्या दोन आठवड्यांत झोप लागत होती! मग पगाराची दहा तारीख ठरली. पत्रं अजून अकरा महिन्यांचीच आहेत, त्याचं बोलणं चालू आहे.

शेवटच्या भेटीत त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या होत्या, माफी मागायला, बाळंतविडा घेऊन. बाळ एव्हाना रांगत होतं, टोपडं काही डोक्यात जाईना. तरी तिने ते ठेवून घेतलं म्हणाल्या, घडी घालून, कपाटात.