चॅटजीपीटीच्या परसात रातांब्याचं झाड नाही

प्रश्न : नमस्कार, मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका. नववीला छोट्या धंद्याचा प्लॅन करायला दिला होता, तर निम्म्या वह्यांत कोकम सरबत आणि भाषा सगळीकडे सेम, "ग्राहकांना नैसर्गिक ताजेपणाचा अनुभव". चॅटजीपीटीवरून उतरवलंय हे उघडच आहे. काही शिक्षक म्हणतात मोबाइल बंद करा, काही म्हणतात २०२० च्या शैक्षणिक धोरणातच एआय आहे, मग बंदी कशी घालायची. काय करू?

उत्तर : बाई, बंदी घालून उपयोग नाही, घरी आईचा फोन आहेच. गडबड क्रमात झालीय, पोरांनी आधी एआयला विचारलं आणि बाजारात कोणी गेलंच नाही.

अशीच एक वही माझ्याकडे आली होती. बाटलीमागे ७० रुपये नफा, एकदम झकास. विचारलं, बाटली, बूच, लेबल कुठे धरलंय? नव्हतंच धरलं. रातांबे (कोकमाची फळं) घरचे म्हणून शून्य रुपये, पण काढायला झाडावर चढणाऱ्या गड्याची मजुरी कोण देणार? वर बाराही महिने ताज्या फळांचं उत्पादन! पोरीनं ते आजीला वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, "पावसात रातांबे खंयसून हाडतलंस?" (कुठून आणशील?) संपला प्लॅन. मग दोघींनी बसून ठरवलं की आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करायचं, मीठ असतं म्हणून वर्षभर टिकतं, आणि सालांना रसाची पुटं देऊन, वाळवून आमसुलं. हा धंदा आजीच्या ओटीवर शिकला गेला, आणि मला विचाराल तर मार्क तिथेच द्यावेत.

म्हणून आधी पाच माणसांना विचारून या, दुकानदार, बाजारातली मावशी, कोणीही, आणि कोण काय बोललं ते वहीत लिहा. मगच एआय. त्याला सांगायचं, तू खडूस गिऱ्हाईक हो आणि माझ्या आगळात खोट काढ. हे काम तो भारी करतो. पण लेबलवर जीआय टॅग (त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) टाका असं सुचवलं तर थांबा, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि विकायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणीसुद्धा.

चॅटजीपीटीच्या नियमानुसार १८ च्या आतल्यांना पालकांची परवानगी लागते, तेव्हा शाळेच्या कॉम्प्युटरवर, प्रोजेक्टर लावून शिक्षकानेच चालवावं. आणि बंदी म्हणणाऱ्या सरांना खर्चाची वही तपासायला द्या, असा संशयी माणूस हिशोबाला सोन्यासारखा असतो (आमच्याकडे होते एक, साखरेचे चार रुपये सुटले तरी वही परत). पण आधी तुम्ही स्वतः स्टाफरूममध्ये एकदा पोरांसारखा प्लॅन करून बघा, त्याशिवाय वहीत काय विचारायचं ते कळणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याच हातात आहे, वेळापत्रक. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा परीक्षा आणि सुट्टी, जूनला शाळा उघडेपर्यंत पावसाने नासलेले. तेव्हा हा प्रोजेक्ट फेब्रुवारीतच घ्या, झाडं मोजणं, भाव विचारणं तेव्हा होईल, आगळ सुट्टीत घरी घालतील.