सुरुवातीच्या बोलपटांतील प्रेमकथा झगमगाट सोडून साध्या माणसाकडेच का परततात?

आपण विचारले आहे की, १९२९ ते १९३२ च्या सुमाराच्या हॉलिवूडच्या बोलपटांत नायक किंवा नायिका श्रीमंतीच्या आणि झगमगाटाच्या मागे जाऊन शेवटी ओळखीच्या, साध्या माणसाकडेच का परत येतात, मंदीत पोळलेल्या प्रेक्षकाला 'आहे त्यात समाधान मान' असे शिकवण्याचा तो डाव होता का, आणि यांतील कोणता चित्रपट आधी पाहावा. 'डाव होता' असे म्हणणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. त्यांत माझी थोरली बहीण पहिली, आणि तिच्या मते या चित्रपटांतील नायिकांनी जे केले तेच मीही ठाण्यात राहून केले, म्हणजे स्वप्न सोडून सोय पत्करली. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

माझे मत आधी स्पष्ट सांगते. या चित्रपटांपैकी जे चांगले आहेत, त्यांत साधा माणूस साधेपणामुळे जिंकत नाही. ज्याच्याशी बोलता येते तो जिंकतो. मूकपटात प्रेक्षकासमोर असे काय, तर चेहरा, पोशाख, दिवाणखाना आणि मोटार. अशा ठिकाणी शेजारच्या टेबलावर बसून काम करणाऱ्या मुलीने करायचे काय? तिच्या वाट्याला वाट पाहणे आणि डोळे पुसणे एवढेच येई. बोलपट आला आणि तिला वाक्ये मिळाली. ती चेष्टा करू लागली, समोरच्याची चूक तोंडावर सांगू लागली, त्याचे अर्धे वाक्य पुरे करू लागली. आणि दोन माणसांचे एकमेकांवाचून चालत नाही, हे त्यांच्या बोलण्याच्या लयीवरूनच प्रेक्षकाला कळू लागले.

फ्रँक काप्रा यांचा १९३१ सालचा 'प्लॅटिनम ब्लाँड' हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. स्टू स्मिथ हा वर्तमानपत्राचा बातमीदार अ‍ॅन शायलर या गर्भश्रीमंत घराण्यातील मुलीशी लग्न करतो आणि तिच्या वाड्यात राहायला जातो. त्याच्यावर मनापासून प्रेम करणारी गॅलघर ही त्याच्याच कचेरीतील सहकारी. तो तिला आडनावाने हाक मारतो आणि ती स्त्री आहे हे जणू त्याच्या ध्यानातच आलेले नसते. अ‍ॅनचे काम जीन हार्लोने आणि गॅलघरचे लोरेटा यंगने केले आहे. अ‍ॅन आणि स्टू यांचे प्रेम रंगते तो प्रसंग काप्रांनी कारंज्याच्या ओघळणाऱ्या पाण्याआडून टिपला आहे, आणि तो खरोखर सुंदर आहे. पुढे वाड्यात कंटाळलेला स्टू भल्या मोठ्या दालनात उभा राहून नुसता आपला प्रतिध्वनी ऐकण्यासाठी ओरडतो, आणि शिष्टाचारात मुरलेला बटलरही त्याला सामील होतो. ज्या घरात आपल्या बोलण्याला उत्तर म्हणून आपलाच आवाज परत येतो, ते घर किती रिकामे आहे, हे मूकपटाला या रीतीने दाखवता आले नसते.

हा चित्रपट मी गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ताईच्या वाशीच्या घरी पाहिला. आम्ही दोघे ट्रान्स हार्बर लोकलने फराळाचे डबे घेऊन गेलो होतो. जेवणानंतर भाचीने तो दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर लावला. कारंज्याचा प्रसंग आला तेव्हा ताईने रिमोट उचलून चित्र थांबवले आणि माझ्या यजमानांच्या देखत म्हणाली, "बघ, याला नको म्हणालीस तू. तुझा नवरा चांगलाच आहे गं, पण तू तेव्हा घाबरलीस." यजमान काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चित्र पुढे चालू करायला सांगितले. पण माझ्या घशाशी चकली अडकली, कारण हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे, आणि त्याचे उत्तर दर वेळी अर्धवट राहिले आहे.

गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झाले, त्यानंतरच्या काही वर्षांतील ही गोष्ट आहे. महाविद्यालयाच्या एकांकिकांतून मला एका व्यावसायिक नाटकात भूमिका मिळाली. त्या नाटकाचा निर्माताच नायकाचे काम करीत असे. देखणा होता, प्रयोगानंतर लोक त्याच्या मोटारीभोवती उभे राहत, आणि त्याने मला लग्नाचे विचारले होते. त्याच वेळी आमच्या नौपाड्याच्या घराशेजारी राहणारा, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेला एक तरुण तालीम संपल्यावर तलावपाळीवर माझ्याबरोबर चालत असे आणि उरलेल्या सगळ्या पात्रांची वाक्ये वाचून माझे पाठांतर घेत असे. एकदा त्याने मला मध्येच थांबवले. म्हणाला, "दुसऱ्या अंकात 'येते मी' म्हणतेस ना, तेव्हा तू मनाने आधीच बाहेर गेलेली असतेस. दारापाशी एकदा थांब, मग बोल." पुढच्या प्रयोगात मी थांबले. प्रेक्षागृह असे शांत झाले की शेवटच्या रांगेतील खुर्चीचा आवाज मला रंगमंचावर ऐकू आला. अंक संपल्यावर विंगेत निर्मात्याने मला एवढेच सांगितले, "माझ्या टाळीच्या वाक्याआधी थांबायचं नाही." त्या रात्री माझा निर्णय झाला. मी नकार कळवला, आणि थोड्याच दिवसांत, माझा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही असे कारण देऊन, ती भूमिका दुसऱ्या मुलीला देण्यात आली.

म्हणजे मी लग्नासाठी रंगभूमी सोडली, हे ताईचे म्हणणे वस्तुस्थितीलाच धरून नाही. व्यावसायिक रंगभूमीवरचे माझे काम त्या नकारामुळे गेले, आणि त्या माणसाशी लग्न केले असते तर माझ्या प्रत्येक वाक्याआधी त्याच्या टाळीचा हिशेब झाला असता. पुढे बँकेत नोकरी करून मी राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थांकडून कामे केली, आणि माझे पाठांतर आजही तोच ड्राफ्ट्समन घेतो. 'प्लॅटिनम ब्लाँड'च्या शेवटी स्टू आणि गॅलघर त्याच्या अडलेल्या नाटकाच्या शेवटच्या अंकावर बोलत बसतात, तो नायकाने पुढे काय करावे हे सांगत जातो, आणि सांगता सांगता ते नाटकातले न राहता तिला घातलेली मागणी होते. ही दोघे प्रेमावर बोलत नसतात, कामावर बोलत असतात. ज्यांना तो शेवट भित्रेपणाचा वाटतो, त्यांनी एकदा आपल्या घरात कोण कोणाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकते ते पाहावे.

आता आपल्या 'डावा'विषयी. मंदी होती हे खरेच आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, आणि ज्यांच्या खिशात काही नव्हते अशा लोकांना श्रीमंतांचे वाडे दाखवून तिकिटे विकली गेली. 'प्लॅटिनम ब्लाँड'चे नाव आधी 'गॅलघर' ठेवायचे ठरले होते. 'प्लॅटिनम ब्लाँड' म्हणजे चंदेरी-सोनेरी केसांची स्त्री; हार्लोच्या तशा केसांची जाहिरात व्हावी म्हणून ते बदलले. तिकीट झगमगाटावर विकायचे आणि शेवट साधेपणावर करायचा, ही लबाडी स्टुडिओंनी केली, एवढे मी मान्य करते. पण प्रेक्षकाला गप्प बसवायचे असते तर क्लॅरेन्स ब्राउन यांचा १९३१ चाच 'पझेस्ड' निघाला नसता. त्यात जोन क्रॉफर्ड लहान गावातील खोक्यांच्या कारखान्यात काम करते. संध्याकाळी फाटकापाशी उभी असताना एक आगगाडी तिच्यासमोरून अगदी सावकाश सरकते आणि एकेका खिडकीत एकेक आयुष्य दिसत जाते: स्वयंपाकी, इस्त्री करणारी मोलकरीण, नाचणारे जोडपे. ती गाव सोडते आणि शहरात क्लार्क गेबलने रंगवलेल्या वकिलाबरोबर लग्नाशिवाय राहते. तिच्याशी लग्न करू इच्छिणारा कारखान्यातील जुना सोबती पुढे कंत्राटदार होऊन परत येतो आणि तिची हकीकत कळताच तिचा अपमान करतो. येथे स्थिर माणूसच पोकळ निघतो, आणि झगमगाटातला माणूस तिच्यावर खरे प्रेम करणारा ठरतो. चित्रपटांत काय दाखवावे आणि काय नाही याचे हॉलिवूडचे नियम, म्हणजे निर्मिती संहिता, १९३० मध्ये स्वीकारली गेली होती, परंतु तिची कडक अंमलबजावणी १९३४ पासून झाली. त्यामुळे मधल्या वर्षांतील चित्रपटांना शेवट कसा करायचा याची बरीच मोकळीक होती. गॅलघर जिंकते ती कोणी सक्ती केली म्हणून नव्हे.

ताईच्या बाजूने बोलायचे तर 'द ब्रॉडवे मेलडी' या १९२९ च्या चित्रपटाचे नाव घ्यावे लागेल. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा पहिला बोलपट. त्यात दोन बहिणी नाटकात काम करण्यासाठी न्यूयॉर्कला येतात. धाकटी एका श्रीमंत माणसाच्या नादी लागते, आणि थोरली आपले ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर पाणी सोडते, कारण त्याचा जीव धाकटीवर जडलेला असतो. धाकटीचा प्रश्न सुटतो, पण मला ती सोडवणूक पटत नाही. तो तरुण तिच्याशी नीट बोलताना फारसा दिसतच नाही, तो केवळ 'चांगला' आहे म्हणून आपण ते मानायचे. असा स्थिर माणूस लेखकाने कोपऱ्यात उभा करून ठेवलेला असतो, आणि अशा चित्रपटांवर ताईचा आरोप शंभर टक्के लागू पडतो. तरीही कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर बसून हसता हसता रडणारी बेसी लव्ह चुकवू नये. थोरल्या बहिणीचे दुःख पडद्यावर इतके उघडे क्वचितच दिसले असेल, आणि तो प्रसंग पाहताना वाशीला ताईही गप्प झाली होती.

मूकपटांना मी वर जरा कमी लेखले आहे, त्याला एक मोठा अपवाद आहे. मुर्नाऊ यांच्या १९२७ च्या 'सनराइज'मध्ये गावची बायको आणि शहरातून आलेली बाई यांच्यातील निवड जवळजवळ शब्दांवाचून दाखवली आहे आणि ती मनाला भिडते. तसेच, आपल्याकडे 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, तेव्हा आपला बोलपट राजे आणि राण्यांच्या कथा सांगत होता. म्हणून हॉलिवूडविषयीचे माझे म्हणणे सरसकट मराठी-हिंदी बोलपटांना लावू नये.

सुरुवात 'प्लॅटिनम ब्लाँड'पासूनच करा. स्टूचे काम करणारा रॉबर्ट विल्यम्स चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच, १९३१ च्या नोव्हेंबरात, अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला; त्याचे सहज बोलणे आजही ताजे वाटते. नंतर 'पझेस्ड' पाहा, म्हणजे विरुद्ध बाजू कळेल. रूबेन मामूलियन यांचा १९२९ चा 'ॲप्लॉज' त्यानंतर पाहावा; त्यात आईचे अंगाईगीत आणि मुलीची पुटपुटलेली प्रार्थना एकाच वेळी ऐकू येतात, आणि त्या काळी त्यासाठी दिग्दर्शकाला दोन मायक्रोफोन लावण्याचा हट्ट धरावा लागला होता. 'द ब्रॉडवे मेलडी' शेवटी ठेवा, कारण त्या काळी कॅमेऱ्याचा खडखडाट मायक्रोफोनमध्ये येऊ नये म्हणून कॅमेरा बंद खोक्यात ठेवावा लागे. त्यामुळे तो बराच वेळ एका जागी खिळलेला दिसतो, आणि सवय नसलेला प्रेक्षक अर्ध्यावरच उठून जातो.