होस्टेलवर ध्यानाला बसतो, पण मन दोन मिनिटंही टिकत नाही. परीक्षेआधी इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना ध्यान-शिबिर करून येऊ का?

शेवटचं आधी सांगतो: परीक्षा महिन्यावर आलेली असताना शिबिराला जाऊ नका.

मी ते केलंय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, केटी लागली (नापास, पेपर पुन्हा द्यायचा), म्हणून एकाग्रता वाढवायला सुट्टीत धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या त्याच केंद्रात, गेलो. फोन, वह्या, अगदी पेनसुद्धा जमा. पहाटे ४ ला घंटा, दिवसाकाठी दहाएक तास बसायचं, बोलणं बंद, संध्याकाळी ५ ला चहा, मुरमुरे आणि एक केळं. सूचना टेपवर. आवाज सत्यनारायण गोएंकांचा, ज्यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन भारतात ही शिबिरं सुरू केली. ते २०१३ साली गेले, पण शिकवतात अजून तेच.

पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. तो मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, सोबत जपही नाही. मला वाटलं होतं, विचार थांबतील. कसले थांबतायत! चौथीतल्या भांडणापासून मेसच्या थकलेल्या बिलापर्यंत सगळं वर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅग भरून ठेवली होती.

बॅग उघडली, कारण त्याच संध्याकाळी एक गोष्ट कळली. मन पळणारच. ते पळालंय हे आपल्याला किती उशिरा कळतं, एवढंच बदलता येतं. पुढे अभ्यासात उपयोग झाला तो याचाच. पूर्वी डोळ्यांखालून अख्खं प्रकरण जायचं आणि डोक्यात मॅच चालू असायची. आता पाच-सात ओळींत लक्षात येतं आणि मी मागे जातो. केटी मात्र सुटली ती जुने पेपर सोडवून, हेही सांगायला हवं.

तेव्हा तुमची दोन मिनिटं वाईट नाहीत. अर्धा तास सोडा, दहा मिनिटं बसा. कॉटवर नको, खाली घडी घातलेल्या रजईवर बसा, नाहीतर झोप येते. जेवून आल्या आल्या नको. रूममेट उठायच्या आधी जमलं तर उत्तम, पण रात्री २ ला झोपून पहाटे ५ ला बसणार असाल तर ती बसून काढलेली डुलकी, ध्यान नव्हे. त्यापेक्षा सरळ झोपा. वेळेसाठी साधं घड्याळ ठेवा. फोनवर टायमर लावायला गेलात की पंधरा मिनिटं रील्समध्ये जातात, हा स्वानुभव.

एक मात्र गंभीरपणे घ्या. बसल्यावर छाती धडधडत असेल, कित्येक दिवस झोप नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ध्यान बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे. शिबिराच्या फॉर्ममध्येही मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे लपवू नका.

परीक्षा संपल्यावर जरूर जा. फी नसते, शेवटी वाटलं तर दान द्यायचं. सुट्टीतल्या जागा लवकर भरतात, म्हणून फॉर्म आत्ताच बघून ठेवा. आणि निघताना मित्रांना नीट सांगून जा. माझ्या रूममेटने चौथ्या दिवशी आमच्या घरी फोन केला होता, ‘काकू, हा फोनच उचलत नाहीये.’