पाणी तापवण्याआधी ठेवपावत्या पाहा

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले आहे. त्यांच्या जुन्या वाड्यात सहा माणसांचे पाणी आजवर तांब्याच्या बंबावर आणि दोन गिझरवर तापते. सुनेला धुराचा त्रास होतो म्हणून बंब काढून संपूर्ण घरासाठी 'सेंट्रल' गरम पाण्याची व्यवस्था करावी, असा त्यांचा विचार आहे. सौर पॅनेल, हीट पंप (हवेतील उष्णता घेऊन पाणी तापवणारे विजेचे यंत्र), मोठी टाकी आणि तिन्ही न्हाणीघरांपर्यंत नवे पाइप यांसाठी 2 लाख 80 हजारांचे कोटेशन मिळाले आहे. महिन्याला 4,000 रुपये वाचतील आणि तीन वर्षांत खर्च भरून निघेल, असे विक्रेता सांगतो. दुसऱ्या दुकानदाराने 200 लिटरचा साधा सौरबंब 65 हजारांत बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. कोणता घ्यावा, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर फार वेळ घेणारे नाही. विक्रेत्याचाच आकडा खरा मानला, तरी 2 लाख 80 हजार भरून निघायला 70 महिने लागतात. मग तीन वर्षे कोठून आली? शिवाय, गुरुजी, आपले वीजबिलच महिन्याला सरासरी 2,600 रुपये आहे. त्यातले 4,000 वाचणार कसे? 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. त्या हिशेबाने आपल्या बिलातील निम्मा भाग गिझरचा धरू, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात सौरबंब बराच काळ नुसताच बसून राहील हेही धरू. वर्षाला फार तर 12,000 रुपये वाचतील. मोठी व्यवस्था 23 वर्षांत फिटेल, साधी साडेपाच वर्षांत. हीट पंप लॉजसाठी उत्तम असतो, सहा माणसांच्या घराला त्याची गरज नाही. साधा सौरबंब घ्यावा. मात्र भरलेली टाकी दोनशे किलोंच्या वर जाते, तेव्हा वाड्याचे वासे आधी सुताराला दाखवावेत. आणि अजिंक्यताऱ्याचा डोंगर आपल्या दक्षिणेला आहे, हिवाळ्यात सूर्यही तिकडेच कललेला असतो. छपरावर ऊन किती तास टिकते, हे डिसेंबरात स्वतः पाहून मगच जागा ठरवावी.

मला अस्वस्थ केले ते पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याने. 'पैशांची अडचण नाही, पतसंस्थेत 22 लाखांच्या ठेवी 10 टक्क्यांनी आहेत, त्या न मोडता त्यांच्यावरच 12 टक्क्यांनी कर्ज काढतो,' असे आपण लिहिता. म्हणजे स्वतःचेच पैसे वापरण्यासाठी आपण पतसंस्थेला दोन टक्के देणार, आणि ठेवीच्या व्याजावर कर लागेल तो वेगळा. 2 लाख 80 हजारांच्या पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता सव्वासहा हजार, बचत महिन्याला एक हजार. पहिल्या वर्षीचे व्याजच 30 हजारांच्या घरात जाते.

पण कर्ज ही किरकोळ चूक आहे. आयुष्यभराची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवली, ही मोठी. ठेव 'सरकारमान्य' आहे, असे आपल्याला एजंटाने सांगितले. हा शब्द ऐकला की माझा संयम सुटतो. पतसंस्थेची नोंदणी सहकार कायद्याखाली होते, एवढाच त्याचा अर्थ. ती बँक नव्हे, तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, आणि बँकेतील ठेवींना फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह 5 लाखांपर्यंत जे विमासंरक्षण आहे, ते पतसंस्थेतील एका रुपयालाही नाही. नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीला ते असते. नावात 'सहकारी' दोन्हीकडे असल्यामुळे लोकांची गल्लत होते. अध्यक्ष आपले विद्यार्थी आहेत आणि दर महिन्याच्या एक तारखेला व्याज जमा होते, हेही आपण लिहिले आहे. कर्जवसुली अडली तरी नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज काही काळ देता येते, त्यामुळे व्याजाच्या तारखेवरून मुद्दलाचा अंदाज बांधता येत नाही. आपली पतसंस्था वाईट आहे, असे मी म्हणत नाही. पण 22 लाखांसाठी एवढी माहिती पुरेशी नाही.

आपले घर निवृत्तिवेतनावर चालते. मग हे जास्तीचे व्याज कशासाठी हवे आहे? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के मिळतात आणि मर्यादा 30 लाखांची आहे. सगळी रक्कम तिथे नेली तर वर्षाला सुमारे 40 हजार रुपये कमी मिळतील. माझ्या मते ही किंमत द्यावी.

सर्व पावत्या एकदम मोडण्याचे कारण नाही. मुदतपूर्व मोडल्यास व्याज कापले जाते. आपली 6 लाखांची पहिली पावती पुढच्या महिन्यात पिकते आहे. नूतनीकरण करू नका, पूर्ण रक्कम बचत खात्यात मागा. ती ठरलेल्या दिवशी मिळाली, तर त्यातून 65 हजारांचा सौरबंब बसवा, उरलेले टपाल कार्यालयात याच ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा आणि पुढच्या पावत्या पिकतील तशा काढत चला. 'थोडे थांबा, गुरुजी' असे उत्तर आले, तर सौरबंब राहू द्या आणि उरलेल्या तीन पावत्या, व्याज कापले गेले तरी, त्याच आठवड्यात मोडायला द्या.