डिझेल फिल्टर बदलल्यावर जुनी टाटा ४०७ स्टार्टच होत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, काय करू?

लाइनमध्ये एअर पकडलीय, ती काढा, गाडी चालू होईल. फिल्टर उघडला की हवा आत जाते आणि जुन्या मेकॅनिकल पंपाला हवा दाबून नोजल (इंजिनात डिझेल फवारतो तो) उघडण्याइतकं प्रेशर बनवता येत नाही, म्हणून नुसता सेल्फ मारत बसलात तर बॅटरी तेवढी बसेल. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू थोडा ढिला करा, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हँड प्रायमर, म्हणजे हाताने मारायचा छोटा पंप, मारत राहा, आधी फेसाळ डिझेल येईल मग बुडबुडे बंद होऊन सलग धार लागेल, त्याच वेळी स्क्रू आवळा. तरी उचलत नसेल तर नोजलकडचे पाइपाचे नट अर्धा-एक आटा ढिले करून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, डिझेल आलं की टाइट (हात, तोंड लांब ठेवा). आमच्या घरच्या गाडीला दर फिल्टरला हेच करतो. पण हे फक्त जुन्या पंपवाल्या इंजिनाला, कॉमन रेल (नवीन, इलेक्ट्रॉनिक डिझेल सिस्टिम) असेल तर त्या नटांना पाना लावूच नका, तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं. आणि दोन दिवसांनी परत एअर धरली तर टाकीकडून येणारा पाइप नाहीतर तांब्याचे वायसर बघा, बहुतेक जुनेच वायसर परत लावलेले असतात.