कृषी शिक्षणात प्रकल्प पद्धत खरंच उपयोगी पडते का, आणि सुरुवात कशी करावी?

हो, नक्कीच. आणि ही कल्पना नवीनही नाही. अमेरिकेत कृषी शिक्षणतज्ज्ञ रूफस स्टिम्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'होम प्रोजेक्ट' पद्धत, म्हणजे शाळेत शिकलेलं घरच्या शेतावर करून पाहणं, रुजवली. पुढे 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने कृषी विद्यार्थ्यांसाठी वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालचं प्रत्यक्ष शेतीकाम बंधनकारक केलं.

सुरुवात लहान ठेवा. मला कंपोस्टचा प्रकल्प सगळ्यात आवडतो. ढिगातलं कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर साधारण 30:1 असावं, हे फळ्यावर लिहून कुणाच्या लक्षात राहत नाही. पण नत्र जास्त असलेला हिरवा पाला जास्त झाला, ढिगाला वास सुटला आणि कर्ब जास्त असलेलं कोरडं पान मिसळल्यावर तो कमी झाला, की मुलं स्वतःच कारण शोधू लागतात. रोज तापमान मोजून वहीत लिहायला लावा. ढीग नीट जमला तर आतलं तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर जातं, तो दिवस वर्गासाठी सणासारखा असतो!

खर्चाचा हिशेबही मुलांनीच ठेवावा. गुण देताना मात्र उत्पादन पाहू नका, नोंदी आणि निर्णयांमागची कारणं पाहा. पीक बुडालं तरी विद्यार्थी नापास होता कामा नये.